सतरंजीवरचे देश

सतरंजी झटकली की धुळीचा आणि जुन्या सुताचा जो वास येतो, तो मला थेट मल्हारगंजातल्या आमच्या मुलींच्या शाळेत नेऊन सोडतो. संस्थानं विलीन होऊन झालेलं मध्य भारत राज्य नवं नवं होतं आणि बाईंनी वर्गात जगातल्या राष्ट्रांची सभा भरवली होती. पाच बड्या देशांसाठी हेडबाईंच्या खोलीतल्या हातवाल्या खुर्च्या आल्या, त्यांवर सरदार घराण्यांतल्या मुली बसल्या. आम्ही गिरणीतल्या कारकुनांच्या मुली म्हणजे सतरंजीवरचे देश. मी ठराव मांडला, दुष्काळ पडेल तिथे सगळ्यांनी धान्य पाठवायचं. सतरंजीवरचे झाडून सगळे हात वर गेले. खुर्चीतली एक मुलगी पाय हलवत म्हणाली, "माझी ना आहे. बस, हो गया." बाई म्हणाल्या, "ठराव पडला." "एकटीच्या नाही म्हणण्यानं?" मी विचारलं. "खऱ्या सभेतही असंच असतं गं. पाचांतल्या एकानं नाही म्हटलं की संपलं." "पण हा नियम केला कुणी?" "त्या पाचांनीच." मी उठले आणि म्हणाले, "चला गं, उचला सतरंजी." चारी कोपरे धरून आम्ही ती अंगणात कडुनिंबाखाली नेली, ठराव पुन्हा मांडला आणि मंजूर केला. आत पाच खुर्च्या एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. शिक्षा म्हणून आठवडाभर ती सतरंजी मी एकटीनं झटकली. आजही एका नकारानं ठराव पडल्याची बातमी ऐकली, की माझा हात आपसूक सतरंजीचा कोपरा शोधू लागतो.