आशीर्वादाची तालीम

इथे आखातात, अल नहदा भागातल्या एका साहेबांना आणि त्यांच्या दोन मुलींना मी रोज सकाळी गाडीतून सोडतो. आधी शाळा, मग ऑफिस. साहेब वसईचे, ख्रिस्ती. त्यांची प्रत्येक गोष्ट ‘खलास’वर संपते. बॉस चिडला, खलास. एसी बिघडला, खलास.

सुट्टीत वसईला जाण्याआधी ते रोज शाळेच्या गेटवर मुलींना हात जोडून माझा आशीर्वाद घ्यायला लावत. त्यांच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लहानांनी घरातल्या मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा असतो, त्याची ही तालीम.

“साहेब, मी आठवीत शाळा सोडलेला ड्रायव्हर. माझा कसला आशीर्वाद?”

“दादा, इथे दुसरं मोठं माणूस कुठून आणू? तिथे पोरी परक्या वाटायला नकोत.”

“डॅडी, अंकल इज ब्लशिंग!” धाकटी ओरडायची. मी लाजत नव्हतो. परमुलखात एवढा मान कोणी दिला नव्हता, म्हणून डोळे भरायचे.

परवा ते वसईहून परतले. मुली शाळेपाशी उतरल्यावर मी विचारलं, “आजी काय म्हणाल्या?”

“खूश झाली. पोरींनी सगळं बरोबर केलं.” मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “आईनं त्यांच्यासाठी बाटलीचं पाणी आणून ठेवलेलं. विहिरीचं सोसणार नाही म्हणाली. जेवताना एक बाटली माझ्याही ताटाशी ठेवली.”

“काळजीपोटीच ना, साहेब?”

“काळजीपोटीच. पण मागच्या खेपेपर्यंत ती मलाच विहिरीवर पाणी काढायला पिटाळायची.”

ऑफिस येईपर्यंत मला आरशात त्यांच्याकडे बघवलं नाही. पुढच्या महिन्यात मीही गावी जातोय.