टेक्सासचं काडतूस, जिंतूरचा सल्ला

आमच्या क्लबात नेम रोज लागेलच असं नाही, पण किस्सा रोज लागतो! जिंतूरला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आम्ही एअर रायफल चालवतो. भिंतीच्या फटींमध्ये अजून कापूस आहे. पंखा लावला की उडून टार्गेटवर बसतो. काळ्यावर पांढरं दिसलं की आपण ओरडतो, "दहाला लागली!" जवळ जाऊन बघावं तर कापूस!

अशा जागी गोष्टी साठणार नाहीत तर काय. लग्नात फोटो काढणं हा माझा धंदा. ग्रुप फोटोत पाव्हणे हसत नसले की मी यातलीच एखादी सांगतो. दात आपोआप दिसतात.

क्लबात आम्ही मुख्य चौघं. सुभेदार आमचे कोच, फौजेतून रिटायर झालेले. देवगाव फाट्याकडून मोटारसायकलवर येतात, मिशीत धूळ आणि तोंडात शिस्त. मुकुंदशेठ सोनार. नारायणबाप्पांचं कापडाचं दुकान. चौथा मी.

*

मुकुंदशेठ क्लबात आले तो दिवस मला अजून दिसतो. अंगात जाड जॅकेट, एका हातात ग्लोव्ह, डोक्यावर टोपी, डोळ्यावर काळा गॉगल, पायात उंच बूट. सगळं नवंकोरं, एकाचं तर लेबलसुद्धा लोंबत होतं. मे महिन्यात!

सुभेदारांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "शेठ, रायफल कुठाय?"

"ती राहिलीच की!"

क्लबाची रायफल दिली. शेठनी गॉगलसकट नेम धरला, श्वास धरला, डोळे मिटले आणि घोडा दाबला. छर्रा कुठं गेला ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. टार्गेटला नाही, पाठीमागच्या पोत्यांना नाही, भिंतीलाही नाही!

सुभेदार शांतपणे म्हणाले, "सामान लय भारी हाय शेठ. आता दुकानात परत जा आन् विचारा, नेम पण ठेवतेत का!"

*

खरी गंमत सुरू झाली ती बाप्पांच्या लेकामुळं. सुहास टेक्सासला असतो. एका सुट्टीत गावाकडं आला, दोन दिवस आमच्या गोदामात बसला आणि त्याला नेमबाजीचा नाद लागला. तिकडं जाऊन त्यानं रायफल घेतली. मग त्याच्या डोक्यात आलं, काडतुसंपण घरीच भरायची. वापरलेल्या पितळी नळ्या साफ करायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, आत मोजून बारूद घालायची आणि वर गोळी दाबायची. तिकडं लोक हे छंद म्हणून करतात म्हणे.

बाप्पा सांजच्याला क्लबात आले. "सुहास विचारायलाय, नवशिक्यानं आधी काय सामान घ्यावं?"

आम्ही सगळ्यांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी छताकडं बघितलं. "बाप्पा, सगळी नोकरी सरकारनं भरून दिलेलं काडतूस उडवण्यात गेली. कुणी भरलं ते आमी कदी विचारलंच न्हाई!"

"मग आपणबी हितं एखादं भरून बघू की," शेठ म्हणाले.

सुभेदार ताडकन उठले. "हितं परवानगीशिवाय असलं काई केलं ना शेठ, तर सामान पोलिसांच्या एका जीपमधी जाईल आन् आपण दुसऱ्यात!"

पण सल्ला द्यायला परवाना लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही चौघं टेक्सासचे सल्लागार झालो.

*

सुहासनं दोन मशीनचे फोटो पाठवले. एक साधं, हँडल दाबलं की एका वेळी एकच काम करणारं. दुसरं आटोमॅटिकसारखं, एकेक दाबाला तयार काडतूस बाहेर टाकणारं. बाप्पा दुसऱ्यावर भाळले. "घ्यायचं तर मोठंच घ्यावं!" सुभेदार म्हणाले, "नव्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट हातात द्यावी." दोघांची चांगलीच जुंपली.

शेवटी वाद बाप्पांच्या घरी गेला. सुहासच्या आईनं, शांताकाकूंनी, चष्मा लावून साध्या मशीनचा फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला. "अवो, हा तर सोऱ्या हाय! चकलीचा सोऱ्या! याला तिकडं पैसे घालायलाय का हे लेकरू?"

"अगं, ते काडतुसाचं..."

"दाबायचंच हाय ना?"

पुढच्याच आठवड्यात गल्लीतलं कुणीतरी तिकडं निघालं होतं. काकूंनी त्यांच्याबरोबर पितळी सोऱ्या पाठवून दिला, धुऊन-पुसून, वर भाजणीची पिशवी!

सुहास हुशार. त्यानं साधं मशीन विकत घेतलं, त्याच्या शेजारी टेबलावर सोऱ्या ठेवला आणि आईला फोटो पाठवला. आमच्या गल्लीत काकू तो फोटो दाखवत फिरल्या, "बघा, दोन मशीन घेतलेत. एक माझं!"

*

मग तराजूची पाळी आली. बारूद मोजायला बारीक काटा लागतो. डिजिटल घ्यावा का दांडीचा? इथं मात्र शेठचा आवाज चढला. "काट्याचं मला विचारा! अर्धा जल्म काट्यापुढं गेलाय."

शेठनी दुकानातला जुना दांडीचा काटा क्लबात आणला. सुहास व्हिडिओवर. शेठनी पारड्यात एक छर्रा ठेवला आणि हुकूम सोडला, "पंखा बंद!"

मे महिना, पत्र्याचं गोदाम. पंखा बंद झाला. "दार लावा, वारं येतंय!" दार लागलं. "कुणी बोलू नका!" आम्ही गप्प. घाम नाकावरून ठिबकायला लागला. काटा हळूहळू मधोमध येत होता, येत होता... आणि बाप्पांना शिंक आली.

छर्रा गेला!

शेठचा चेहरा असा झाला, जणू बाप्पांनी दागिनाच चोरला. "सुहास, बघितलंस? म्हणून सांगतो. काट्यापुढं आदुगर हात जोडायचे, मग पंखा बंद, मग तोंड बंद. आन् डिजिटल घेतला तरी मधून मधून वजनाचं माप टाकून त्याची परीक्षा घ्यायची. काटा झाला तरी त्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवायचा न्हाई!"

महिन्याभरानं सुहासचा फोन आला. त्याच्याकडं जॉन नावाचा शेजारी शिकायला यायला लागला होता. सुहास म्हणाला, "शेठकाका, मी हात जोडतो म्हणून तोबी जोडतोय. परवा विचारत होता, हे मशीनच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

*

एकदा मात्र गंमत अंगाशी येता येता राहिली. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. सुट्टीच्या सकाळी सुहास काडतुसं भरायला बसायचा आणि नेमका त्याच वेळी दुकान बंद करून बाप्पा त्याला फोन लावायचे. "जेवलास का? पाऊस हाय का तिकडं?"

एके दिवशी सुहासनंच सुभेदारांना सांगितलं, फोनच्या नादात हातातल्या नळीत बारूद एकदा घातली का दोनदा, तेच आठवेना. म्हणून त्यानं त्या दिवशी भरलेली काडतुसं सगळीच्या सगळी खोलून टाकली.

सुभेदारांचा रंग बदलला. "शाबास! शंका आली तर खोलायचं, लाजायचं न्हाई. दोनदा पडली असती तर रायफल तोंडावर फुटली असती." मग बाप्पांकडं वळले. "बाप्पा, त्या टायमाला फोन बंद! टेबलावर बारुदीचा एकच डबा, डोळ्याला चष्मा, आन् बोलणं न्हाई म्हंजी न्हाई!"

बाप्पा टोपी काढून हातात फिरवत बसले. आठवड्यातून तेवढाच एक निवांत फोन होता त्यांचा. त्या दिवशी त्यांनी रायफलला हातही लावला नाही.

तोड सुहासनं काढली. तो व्हिडिओ लावून फोन लांब फळीवर उभा करायचा, तिकडचा आवाज बंद करून टाकायचा आणि आपलं काम करायचा. इकडं बाप्पा आणि काकू फोन समोर ठेवून बसायचे. बोलणं नाही, चालणं नाही. तो मोजतोय, दाबतोय, डोळ्याजवळ नेऊन बघतोय, डबीत ठेवतोय. हे दोघं नुसते बघतायत.

मी एकदा त्यांच्या घरी अल्बम द्यायला गेलो. काकूंनी तोंडावर बोट ठेवून मला खुर्ची दाखवली. मी हळूच म्हणालो, "काकू, कंटाळा येत न्हाई का? तो तर एक शब्द बोलत न्हाई."

काकू फोनवरची नजर न काढता म्हणाल्या, "परदेशात गेल्यापासून एवढा येळ डोळ्यापुढं कदी बसला होता का रे तो?"

*

आता शेवटचा किस्सा. सुहासला गंगाखेडचं स्थळ आलं. मुलगी वैशाली, परभणीला लॅबमध्ये नोकरीला. ती आणि सुहास फोनवर एक-दोनदा बोलले होते, आता मोठ्यांची बैठक होती. बाप्पांनी धीराला आम्हा तिघांना बरोबर घेतलं. शेठच्या गाडीत सगळे कोंबून गेलो.

मुलीकडून मुख्य माणूस म्हणजे तिचे मामा, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष! पांढरी टोपी, करडा आवाज. बाप्पांनी आदल्या दिवशी लेकाला बजावलं होतं, "लोक जुन्या वळणाचे हायेत. इंग्रजी फाडू नको. शुद्ध मराठीत बोल!"

पोहे झाले. फोन तांब्याला टेकवून उभा केला. सुहास इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

मामांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?"

सुहासनं शुद्ध मराठी आठवली आणि हसून म्हणाला, "घरीच दारू भरतो."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

मामा म्हणाले, "आमच्या घरात कुणी शिवत न्हाई!"

बाप्पा धडपडत उठले. "अवो पाव्हणं, तो पीत न्हाई, भरतो!"

"म्हंजी? धंदा हाय?"

"धंदा न्हाई! स्वतःपुरतीच!"

सुभेदार सावरायला गेले. "तसं न्हाई, लय शिस्तीत हाय सगळं. थेंब... म्हंजी कण कण मोजून घेतो!"

त्यात काकू कौतुकानं म्हणाल्या, "शेजारचा जॉनबी येतो शिकायला!"

मामांनी टोपी नीट केली आणि चपला शोधायला लागले. बाप्पांचं तोंड पांढरंफटक. इतक्यात शेठ ओरडले, "बारूद हो, बारूद! बंदुकीची दारू!" सुहासनं तिकडं फोन उचलला आणि पळत जाऊन सगळं दाखवलं. टेबल, मशीन, काटा, चष्मा, काडतुसांच्या डब्या. मामा उभे, एका पायात चप्पल.

तेव्हा दारात उभी असलेली वैशाली पुढं आली आणि फोनसमोर बसली.

"हे सगळं घरात कुठं ठेवता?"

"कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"आन् लग्नानंतर?"

सुहासनं एकदा आईकडं बघितलं, एकदा बापाकडं. मग म्हणाला, "तुमच्याकडं."

घर हसण्यानं दणाणलं! काकूंनी डोळे पुसले, सुभेदारांनी मिशी. मामा पण हसले आणि त्यांनीच साखर वाटायला सांगितली. मी धडाधड फोटो काढले. कुणाला हसा म्हणायची गरजच पडली नाही.

निघताना मी गाडीत बॅग ठेवत होतो. मामा हळूच माझ्यामागं येऊन उभे राहिले. इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला.

"फोटोवाले, तुमी बाहेरचे माणूस, खरं सांगताल. जावयाकडं त्या डब्यात नुसती बारूदच हाय ना? दुसरं काईच न्हाई?"

मी गळ्याला हात लावला. "शप्पथ मामा! नुसती बारूद!"

मामांचा चेहरा पडला की हो!