टेमघरच्या वळणावर वाल्मीकचे डोळे

वाल्मीक भिवंडीत कामतघरच्या कारखान्यांतून कापडाचे तागे भरून ट्रक न्यायचा. खड्डे, हातगाड्या, शिफ्ट सुटली की रस्ताभर पसरणारे लूमवाले, कशानेही त्याची पापणी हलत नसे. धास्ती एकच, सासूची.

सासू रंगूबाई टेमघरच्या वळणावर राहत. जावयाचा ट्रक दिसला की हात करून थांबवत, केबिनमध्ये चढत आणि बाजार येईपर्यंत त्याला ट्रक चालवायला शिकवत.

"जावईबापू, हॉर्न काय सणासुदीला ठेवलाय?"

"वाजवतो, मामी," एवढंच वाल्मीक म्हणे. कारण क्लीनर होता त्याचा मेव्हणा अनंता. ट्रकमधला शब्द संध्याकाळी त्याच्या आईच्या कानावर जाई.

ब्याण्णव साली मुंबईच्या एका संस्थेतल्या संशोधक बाई आल्या. गाडी चालवताना ड्रायव्हरच्या डोक्यावर किती भार पडतो, ते त्यांना डोळ्यांवरून मोजायचं होतं. बाहुली मोठी झाली, पापणी लवेनाशी झाली, की भार वाढला. बाकीचे ड्रायव्हर आधीच सटकले होते, म्हणून मालकाने वाल्मीकला पुढे केलं. त्याच्या डोक्याला पट्टा, पट्ट्याला डोळ्यासमोर कॅमेरा आणि तिथून निघालेली वायर बाईंच्या मांडीवरच्या मशीनला. हा अवतार बघायला लूम बंद करून माणसं बाहेर आली.

भिवंडीभर मशीनवरची भार दाखवणारी रेघ हलली नाही. समोर बैल आडवा आला तरी नाही. बाई हिरमुसल्या. मग टेमघरचं वळण आलं. रस्ता मोकळा होता. रंगूबाई दिसत नव्हत्या, म्हणून वाल्मीक डोळे ताणून त्यांना शोधत होता. रेघ एकदम वर गेली.

"इथे काय आहे?" बाईंनी विचारलं.

अनंता कान टवकारून बसला होता.

"वळण लय खराब हाय, मॅडम," वाल्मीक म्हणाला.

बाईंनी अहवाल लिहिला, तो कुठल्याशा साहेबांनी वाचला आणि वळणावर चांगला उंच गतिरोधक झाला. आता ट्रक तिथे आपोआप रांगायला लागे. रंगूबाईंना हात करायचीही गरज उरली नाही. दांडी धरली की त्या आत. "आमच्या जावयाच्या डोळ्यांमुळं झालाय हा," असं त्या शेजारणींना सांगत.

वाल्मीकने घरी बायकोकडे गाऱ्हाणं नेलं. "मंदा, आईला जरा समजाव ना."

"वळण खराब हाय, असं तुमीच सांगितलंत ना?" मंदा भाकरी थापत म्हणाली. "मग आता भोगा."

पुढच्या वर्षी किती सुधारणा झाली ते मोजायला बाई परत आल्या. गतिरोधकापाशी रंगूबाई केबिनमध्ये चढल्या आणि बाईंना सरकवून बसल्या. "गिअर बदला. त्या रिक्षावाल्याकडं बघा. माझ्याकडं काय बघताय?" रेघ वर गेली ती बाजार येईपर्यंत खाली आली नाही. बाईंनी रंगूबाईंना मान जरा बाजूला घ्यायला सांगितली, कारण रेघ नीट दिसत नव्हती. मग निष्कर्ष काढला की एक गतिरोधक पुरत नाही.

दुसरा थोडा पुढे झाला, रंगूबाईंची बहीण तुळजाबाई राहत त्या घरासमोर. डांबर वाळलं त्याच दिवशी तुळजाबाई पिशवी घेऊन तिथे उभ्या होत्या.