दारात ठेवलेली पेटी

आमच्या गावात एकाच घराच्या दाराला कडी नव्हती, फादर एमिल यांच्या. मुळात होती, ती त्यांनीच स्क्रू काढून खिडकीत ठेवून दिली होती. त्यामुळे त्यांच्या घरात कुणीही, केव्हाही शिरत असे. बहुतेक वेळा शेळ्या.

जिंतूरहून एस.टी.नं पाऊण तासावर, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. त्र्याहत्तर साली ह्यांची तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून बदली झाली, तेव्हा फादरना येऊन वर्ष झालं होतं. साठीचे, ताडमाड उंच, पाठीत जरा वाकलेले, पांढरी दाढी, पायात टायरच्या चपला. त्याआधी बावीस वर्षं ते कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात होते. तिथं हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही म्हणे. त्या थंडीनं त्यांची फुप्फुसं खराब झाली. डॉक्टर म्हणाले, ऊन असेल तिथं पाठवा. "मग वरच्यांनी नकाशावर परभणी शोधून काढलं," असं सांगून ते स्वतःच हसत. मे महिन्यात आमच्या अंगाची लाही होत असे, आणि हे अंगणात खुर्ची टाकून उन्हाकडे तोंड करून बसत.

कडीचं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ताई, तिकडं दाराला कडी लावणं पाप. वादळात वाट चुकलेला माणूस दार वाजवत बसला तर तिथंच गोठून मरतो."

"पण इथं कोण गोठतंय?"

"इथं शेळ्या येतात," ते म्हणाले. "पण हाताला लागलेली सवय, ताई. जात नाही."

तिकडं डॉक्टर नव्हता, त्यामुळे जखमा शिवणं, दात काढणं हे सगळं ते शिकले होते. इथंही तेच करत. रविवारी त्यांच्या प्रार्थनेला जिंतूरहून एक नर्सबाई आणि त्यांचे यजमान, एवढीच माणसं येत. सोमवारी मात्र गालाला फडकी बांधलेल्यांची रांग लागे. बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "बाबा, आदीच सांगते. आमी एकदा धरम बदललाय, छप्पन्न साली. आता रोज रोज न्हाई बदलत."

"चांगुणाबाई, मला फक्त दाढ पाहिजे. तोंड उघडा."

या चांगुणाबाईंची नात सत्यशीला, लिंबाजी आणि वच्छलाबाई यांची मुलगी. चौथीत होती. ह्यांच्या मते जिल्ह्यात स्कॉलरशिपला बसणाऱ्या पोरांत हिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पण दिवाळीच्या सुमारास लिंबाजी-वच्छला ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यावर जात ते चैत्रातच परत येत. नवरा-बायकोच्या अशा जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. तो मोडला, तर घर बसलं. त्या वर्षी त्यांना सात महिन्यांचं, अंगावर पिणारं तान्हं होतं. आई-बाप फडात असताना त्याला धरायला सत्यशीलालाच जावं लागणार होतं. एकदा गेली की शाळा सुटली. अशा सुटलेल्या मुली मी दोन वर्षांत कितीतरी पाहिल्या होत्या.

मिशनवाले म्हणजे बोर्डिंग, हे आमच्या डोक्यात पक्कं. मी फादरना म्हटलं, "तुमच्या मागच्या खोलीत पोरांची सोय करा. सत्यशीलापासून सुरुवात. बाळाला त्यांच्याबरोबर जाणारा कुणीतरी नातेवाईक सांभाळील."

"नाही," ते म्हणाले. कारण नाही, काही नाही. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याकडे ताक पाठवलं नाही.

चूक माझीच होती. त्यांना विचारायच्या आधीच मी वच्छलाला सांगून बसले होते, "बाबा ठेवून घेतील, तू काळजी करू नकोस." आणि ते नाही म्हणाल्यावर तिला कळवायचं धाडस मला झालं नाही.

टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वच्छला पोरीला घेऊन थेट फादरच्या दारात उभी. सत्यशीलाच्या डोक्याला तेल, दोन लाल रिबिनी. पत्र्याची पेटी वच्छलानं उंबऱ्याला लावून ठेवली. मी आमच्या ओसरीवरून बघत होते. फादर बाहेर आले. त्यांनी पेटी पाहिली, रिबिनी पाहिल्या. आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गावानं ते दार कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. कडी नसल्यामुळे ते आतून पाठीनं दाबून उभे होते. खालच्या फटीतून त्यांच्या टाचा दिसत होत्या.

"शेळ्या चालत्यात," वच्छला दाराकडे बघून ओरडली, "माझी पोर न्हाई चालत व्हय? आमचा काय इटाळ हाय का तुमाला बी?"

हे ऐकून मी धावले. मागच्या दारानं आत गेले. फादर दाराला टेकून तसेच उभे होते, डोळे मिटलेले.

"बाहेर ती काय समजतेय, ऐकलंत का?" मी म्हटलं.

"ऐकलं." मग ते सांगू लागले. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. तिकडं शरद ऋतूत माणसं कुत्र्यांच्या गाड्या जोडून शिकारीला दूर जात. त्याआधी होडी येई आणि मिशनच्या शाळेसाठी पोरं गोळा करी. यादी घेऊन दारोदार फिरणारे फादर एमिल. एक सहा वर्षांची मुलगी होती, केसाला असंच काहीतरी लाल बांधलेलं. ती चौदाव्या वर्षी घरी आली. आईनं तिला जवळ घेऊन काहीतरी विचारलं. मुलगी बोलली ती शाळेच्या भाषेत.

"आईला कळलं नाही. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, ही काय म्हणते, तुम्हीच सांगा. ताई, मायलेकींच्या मधे उभा राहून मी दुभाष्याचं काम केलं. दोन्ही भाषा मला येत होत्या ना."

मी म्हटलं, "इथं तसं नाही होणार. इथं भाषा एकच आहे."

"आज एक पेटी आहे. पुढच्या वर्षी चाळीस येतील. चाळीस आया निघून जातील आणि संध्याकाळी ती पोरं या दाराकडे बघत बसतील. ते बघणं मी बघितलंय. पुन्हा नाही."

"मग तिची शाळा?"

ते माझ्याकडे वळले. मग एकदम म्हणाले, "चांगुणाबाई जातात का टोळीबरोबर?"

"त्यांचं गुडघ्याचं दुखणं. त्या घरीच असतात."

"म्हणजे पोरगी आपल्याच घरात, आजीजवळ राहू शकते. अडलंय ते बाळावरून."

"अहो पण बाळाला धरणार कोण? नातेवाईकाचं मी नुसतंच बोलून गेले होते."

त्यांनी दार उघडलं. वच्छला पेटी उचलून निघालीच होती. "वच्छलाबाई," ते म्हणाले, "माझं चुकलं. तुमची पोर मी ठेवणार नाही. तिचं काम मी करतो."

"कोन्तं काम?"

"बाळ धरायचं. मी येतो टोळीबरोबर."

आतापर्यंत पंधरा-वीस माणसं जमली होती. आधी कुणाला कळेना, मग जे हसणं सुटलं! टोळीचे मुकादम सूर्यभान म्हणाले, "बाबा, तितं पाचटाच्या कोपीत झोपावं लागतंय, वाकून शिरायचं आसतंय. तुमी आर्धे भायेरच ऱ्हाल."

"बर्फाच्या घरात झोपलोय, सूर्यभानराव. तेही वाकूनच."

लिंबाजी कळवळून म्हणाला, "बाबा, लोक काय म्हनतील मला? लिंबाजीनं पादरी कामाला ठेवलाय!"

वच्छला मात्र हसली नाही. तिनं फादरना पायांपासून दाढीपर्यंत नीट पाहिलं. मग कडेवरचं बाळ काढून पुढं केलं. "धरा."

फादरनी हात पुढं केले.

"डोकं धरा, डोकं. हां. आन् रडलं तर?"

बाळानं दाढी मुठीत धरून ओढली. फादरच्या डोळ्यांत पाणी आलं, दाढीमुळं असेल.

"पेटी घरी घेऊन जा गं," वच्छला सत्यशीलाला म्हणाली. "आजीला तरास देऊ नको."

दुसऱ्या दिवशी ट्रकमधे भांड्याकुंड्यांत, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी फादर एमिल बसून गेले. त्यांच्या वरच्यांना त्यांनी काय कळवलं, मला ठाऊक नाही. त्यांचं घर आणि मलमपट्टीचा डबा माझ्याकडे आला, आणि शेळ्याही. सत्यशीला रोज शाळेत येत होती. परीक्षेलाही बसली.

तिकडची हकीगत मला पुढं वच्छलानंच सांगितली. लिंबाखाली सात झोळ्या टांगलेल्या, कारण दोन दिवसांत टोळीतल्या बाकीच्यांनीही आपापली पोरं आणून दिली. बाबा कुणालाच न कळणारी गाणी म्हणत. रांगणारी दूर जाऊ नयेत म्हणून भोवती दोर धरलेला. कारखान्यावरून माणसं मुद्दाम बघायला येत. "मला वाटलं व्हतं आठ दिसात पळत्याल," ती म्हणाली. "लय चिवट." नंतरही ते आणखी तीन हंगाम गेले. पुढं खोकल्यानं उचल खाल्ली तेव्हा मिशननं त्यांना परत बोलावून घेतलं.

पण मला आठवतो तो पहिल्या खेपेचा चैत्र. दुपारी ट्रक आला. फादर उन्हानं काळे पडलेले, आणि बाळ त्यांच्या खांद्यावरून उतरायला तयार नाही. सत्यशीला धावत सुटली ती आईवर जाऊन आदळली.

"हे काय केलंस गं डोस्क्याचं? तेल न्हाई, फणी न्हाई!"

"आजी वडून वेणी घालती. मीच न्हाई म्हनले."

"आजीला उलटं बोलायलीस?"

"तू बोलतीस ते?"

"आगं, तोंड लय चालायलंय गं! मास्तरनं हेच शिकवलं का?"

दोघी एकाच वेळी बोलत होत्या, मधेच हसत होत्या, आणि वच्छलाची बोटं पोरीच्या डोक्यात उवा शोधत होती. मी फादरना चहा नेऊन दिला. त्यांनी हातानंच मला थांबवलं. मान एका बाजूला करून ते ऐकत होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मला कुणी काही विचारत नाहीये."

मग त्यांनी चहा घेतला. बशीतला थोडा बाळाला पाजला, तर तिकडून वच्छला ओरडली, "बाबा, चहा देऊ नका म्हनून कितींदा सांगितलंय!"