निघेल की निकेल

लढाईच्या दिवसांत हे मुंबईला वनस्पती तुपाच्या कारखान्यात होते आणि मी बेलापूरला सासूबाईंजवळ. मुंबईत बिऱ्हाडाला जागा मिळत नव्हती. हे बरोबरच्या माणसांसह एका खोलीत राहत. साहेब रजा देत नसे. कारखाना बंद पडला तरच यांना मोकळीक मिळे, आणि तेवढीच माझ्या वाट्याला येई.

त्या वर्षी थंडीत कळलं की कारखाना बंद आहे. मी मनात धरून बसले, आता येतील. पण विचारणार कोणाला? सुनेनं नवऱ्याची चौकशी केली की घरात हसू व्हायचं.

यांचे काष्टीचे मामा तेव्हा मुंबईला जाऊन आले होते. वाकडी वाट करून ते मुद्दाम आमच्याकडे आले. त्यांना कमी ऐकू येई. सासूबाईंनी पाणी दिलं आणि लेक कधी येतो ते मोठ्यानं विचारलं. मी दाराआड उभी होते.

"कारखान्याच्या फाटकातच भेटला," मामा म्हणाले. "निघेल, येईल आता दोन-चार दिवसांत."

सासूबाई आत वळून म्हणाल्या, "ऐकलंस ना दाराआडून? आता आमटीकडे बघ, नाहीतर करपवशील."

यांना शेंगोळी आवडत. मी हुलगे भाजून दळून ठेवले. दुपारच्या गाडीची वेळ झाली की हातातलं काम उगाच लांबवी. स्टेशनाकडून टांगा आला की घुंगरं ऐकू येत. मी पदर सावरी. टांगा आमच्या दारावरून पुढे जाई. पुढे पुढे सासूबाईंनीही तो विषय काढणं सोडलं. मला ते टोचून बोलण्यापेक्षा जड गेलं.

हे आले ते शिमग्याच्या सुमाराला, यंत्राच्या दुरुस्तीत सुटी मिळाली म्हणून. जेवताना सासूबाईंनी धारेवर धरलं, निघतो असा निरोप मामांजवळ द्यायचा आणि यायचं नाही, ही कुठली रीत? यांना काही उमगेना. मग एकदम हसू लागले. म्हणाले, मामांनी मला कारखाना कधी सुरू होतो असं विचारलं. मी म्हणालो, निकेल येईल आता दोन-चार दिवसांत. मामांनी निकेल हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. सासूबाईही हसल्या. मी आत निघून गेले.

जेवण झाल्यावर मागच्या दारी मी यांच्या हातावर पाणी घालत होते. निकेल म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं. शेंगदाण्याच्या तेलात आम्लं असतात, पण आंबट नसतात. त्यांना हायड्रोजन नावाचा वायू जोडला की तेल तुपासारखं थिजतं. तो आपण होऊन जुळत नाही. निकेलची पूड घालावी लागते, मग दोघांचं जमतं, आणि पूड होती तशीच राहते. लढाईमुळे ती यायला उशीर होत होता, म्हणून काम थांबलं होतं. माझी चौथी झालेली, तरी एवढं मला समजलं.

"म्हणजे ते आलं म्हणून तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले.

"हो."

"ते पुन्हा कधी संपतं?"

हे हसायचे थांबले. हात ओलेच ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "इतक्यात नाही. गाळून घेतात आणि पुन्हा वापरतात."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं हे गेले.

त्यानंतर वाण्याकडे गेले की माझी नजर आधी वनस्पतीच्या डब्यांकडे जाई. लग्नसराईत एकदा डबे येईनासे झाले. बायका दुकानात कुरकुरत होत्या, पाहुण्यांना काय वाढायचं म्हणून. मीही त्यांच्यात मान हलवली, आणि मनातून देवाला म्हणत होते, असंच राहू दे, अजून थोडे दिवस तरी.