गवत मूळ धरेपर्यंत

त्याला सगळे झटपटराव म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. चहा गाळून व्हायच्या आत हा कप पुढे धरणार, जिभेला चटका बसला की चहालाच शिव्या घालणार. दूध काढायला बसला की गाईनेही जरा हात चालवून आवरतं घ्यावं, अशी त्याची अपेक्षा! पण माणूस मनाने सोन्यासारखा. कुणाची गाडी चिखलात रुतली की सगळ्यात आधी हाच धावत जायचा. दोर मात्र घरी विसरून.

आणि खरं सांगायचं तर त्या घाईनेच त्याच्या गाई वाचल्या. टेकडीमागून वणवा आला त्या दुपारी बाकीचे लोक अंगणात उभे राहून वारा कुठला आहे यावर चर्चा करत होते. झटपटरावाने कुणाला काही विचारलं नाही. फाटक सताड उघडलं, नऊच्या नऊ गाई रस्त्यावर काढल्या आणि ओरडत, धावत, ठेचकाळत पुलापलीकडे मेहुण्याच्या रानात नेऊन घातल्या. मागे कुरण जळालं, कुंपणाचे खांब जळाले, वाळल्या गवताची गंजी दोन दिवस धुमसत राहिली. गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. घर तेवढं राहिलं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, काळजी करू नका. माझ्या रानावर निघतील थोडे दिवस." चांगला मुलगा. पण त्याचं रान केवढं, आणि त्यात त्याच्या स्वतःच्याही गाई.

इकडे झटपटरावाला रिकामा गोठा बघवेना. पहाटे धारेच्या वेळी डोळा उघडायचा. उठून गोठ्यात जायचा, कोरड्या बादल्या विसळायचा, पुन्हा पालथ्या घालायचा. बायको खिडकीतून बघायची आणि चहा ठेवायची.  गाई घरी आणायच्या, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी गवत हवं, आणि गवत हवं ते आत्ताच्या आत्ता.

बियाण्याचं दुकान चालवणारी बाई त्याला ओळखून होती. तिने सांगून बघितलं, "अहो, राख अजून गरम असेल. पाऊस नीट लागू द्या, मग पेरा."

"पावसाला काय घाई आहे? उपाशी माझ्या गाई आहेत," असं म्हणून त्याने सगळ्यात लवकर उगवणाऱ्या गवताचं पोतं उचललं आणि संध्याकाळपर्यंत सगळं राखेवर उधळून मोकळा झाला. नशीब असं की लगेच एक सर आली. चार दिवसांत काळ्या उतारावर हिरवी लव दिसायला लागली. मग काय विचारता! रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवत सुटला. पुढे मात्र पावसाने तोंड फिरवलं, कोरडा वारा सुटला आणि ती लव पिवळी पडून उडून गेली. जे उगवलं नव्हतं ते मुंग्यांनी ओळी लावून नेलं. बायको यावर एक अक्षर बोलली नाही. आणि बायको काही बोलत नाही म्हणजे काय, हे लग्न झालेल्यांना समजावून सांगायला नको.

दुसऱ्यांदा बियाणं आणायला ती सोबत गेली. दुकानात पोत्यांची तोंडं गुंडाळून ठेवलेली, एका पोत्यावर मांजर झोपलेलं. दुकानदारीण त्याच्याकडे नाही, थेट बायकोकडे वळली.

"मला आधी सांगा, आग कशी गेली? उभ्या गवतातून भरभर निघून गेली असेल तर खालचे मुळांचे गड्डे जिवंत असतात. तिथे बी टाकू नका, पैसे फुकट जातील. जिथे गंजी धुमसली, झाडं पडून जळाली, तिथली माती भाजून निघते. तिथे मात्र पेरावंच लागेल."

"आणि कुठलं पेरायचं?"

"लवकर उगवणारं थोडंच घ्या, माती धरून ठेवण्यापुरतं. मुख्य घ्या ते हे, खोल मुळांचं. येईल सावकाश, पण वर्षानुवर्षं हलणार नाही. सोबत हे तीन पानांचं, लसूणघासासारखं. याने जमिनीला कस येतो." मग तिने झटपटरावाकडे बघितलं. "आणि दादा, हिरवं दिसलं म्हणून गाई सोडायच्या नाहीत. गाय काही कात्रीने कापत नाही, जिभेने वेढा घालून ओढते. तुम्हीही एक झुपका बोटांना गुंडाळून ओढून बघा. पात तुटली तर फाटक उघडा. मुळं हातात आली तर बंद."

"कळलं, कळलं," झटपटराव म्हणाला. तो दारात पोचलासुद्धा होता.

घरी आल्यावर दोघं खुरपी घेऊन उतारावर बसली. राख बाजूला सारायची, गड्डा उकरायचा, बघायचा. पहिला मेलेला. दुसरा मेलेला. तिसऱ्याच्या पोटात पांढरट हिरवा कोंब निघाला आणि हा गडी केवढ्यानं ओरडला, "अगं, जिवंत आहे! हे बघ, जिवंत आहे!" डोळे पुसायला गेला आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. बायको हसली. वणव्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

जिथे माती विटेसारखी भाजली होती तिथे त्यांनी पेरायचं ठरवलं, पण पाऊस नीट लागल्यावरच. बारीक बी मुठीतून एकाच जागी पडू नये म्हणून त्यात वाळू मिसळली. पेरायला बायको पुढे. झटपटरावाच्या हाती दिलं असतं तर पहिल्याच कोपऱ्यात पोतं रिकामं झालं असतं. तो मागून झाडाची फांदी ओढत, बी मातीत दाबत चालला. "जरा भरभर टाक की," असं त्याने म्हणून बघितलं. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

गवत आलं. या वेळी खरंच आलं. जुन्या गड्ड्यांनी धुमारे फोडले, भाजलेल्या जागा बारीक हिरव्या झाल्या. रस्त्यावरून बघितलं तर उतार असा दिसायचा की इथे कधी आग लागली होती हे सांगूनही पटू नये. आणि इथेच आमच्या गड्याचा तोल गेला. एका संध्याकाळी त्याने गुपचूप मेहुण्याला फोन केला, "उद्या सकाळी घेऊन ये सगळ्यांना." बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, ओढून बघितलंत का? आणि त्याने बघितलं नव्हतं.

सकाळी वळणावरच गाईंना वास लागला. पुढे ठेंगणी होती, कळपातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात दुधाळ. ती हंबरली आणि चक्क पळायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. मेहुणा काठी सावरत मागून धापा टाकतोय. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली, "अहो, हे काय?"

झटपटरावाला बोलायला फुरसत कुठली! त्याचा हात फाटकाच्या कडीवर. चेहरा नुसता फुलून आलेला. कडी निम्मी निघाली होती. तेवढ्यात ठेंगणीने नव्याने ठोकलेल्या कुंपणाच्या तारेखालून मान घातली, कोवळ्या गवताला जीभ लावली आणि ओढलं. झुपकाच्या झुपका वर आला. तिच्या तोंडातून पांढरी मुळं लोंबत होती आणि मुळांना मातीचा गोळा. तिने मान झटकली, माती उडवली आणि दुसरा झुपका ओढला. तोही तसाच.

त्याने कडी परत लावली.

"भाऊजी, उघडा की!"

"माघारी घेऊन जा."

"चेष्टा करताय का? काल तुम्हीच फोन केलात!"

"चूक माझी. शिव्या नंतर घाल, हव्या तेवढ्या घाल. आत सोडल्या तर दोन दिवसांत सगळं उपटून ठेवतील. मग या वर्षी काय, पुढच्या वर्षीही काही नाही."

मेहुणा घामाने निथळत होता. त्याचा आवाज खाली आला. "माझं रान पार खरवडून झालंय, भाऊजी. चार गाई कशाबशा सांभाळीन. बाकीच्या पाचांचं काय करू? खालच्या अंगाचा डेअरीवाला विकत मागतोय, पण..."

"त्याला दे."

"कुठल्या देऊ? भाकड, म्हाताऱ्या काढू ना?"

झटपटरावाने एकेका गाईकडे बघितलं. कधी नव्हे ते त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. "नाही," तो म्हणाला. "चांगल्या दे. त्या दोघी तांबड्या दे. काळी दे. यंदा पहिल्यांदा व्यालेली ती दे. आणि ठेंगणी."

"अहो, ठेंगणी?" बायको पुढे आली.

"दुभत्या गाईला कुणी उपाशी ठेवत नाही. म्हातारीला तिथे कोण विचारणार आहे? तिला आपणच बघायचं."

गाईंना यातलं काही कळत नव्हतं. घर समोर, गोठा समोर, हिरवं समोर, आणि त्यांचा माणूस फाटकासमोर हात पसरून उभा! त्या रेटायला लागल्या. त्याने मेहुण्याच्या हातातली काठी घेतली आणि जमिनीवर आपटली. "हट्! माघारी! चला, माघारी!" आजवर त्याने यांच्यावर काठी उगारली नव्हती. ठेंगणी दोन पावलं हटली आणि पुन्हा पुढे येऊन त्याच्या खांद्याला तोंड घासायला लागली. त्याने तिचं तोंड दोन्ही हातांनी ढकललं. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी मेहुण्याने पुढे होऊन तिला वळवली आणि बाकीच्या आपसूक तिच्यामागे वळल्या.

कळप वळणाआड जाईपर्यंत दोघं रस्त्यावर उभी होती. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं.

"काहीतरी बोल," तो म्हणाला. "ओरड माझ्यावर."

"नाही ओरडत."

"मग रड तरी. मी एकट्यानेच रडायचं का?"

तेव्हा ती रडली.