बिनपुठ्ठ्याची कादंबरी

माझ्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. चहाचा कप टेबलावर आहे हे कळतं, पण कपाकडे नीट बघायला गेलं की कप गायब होतो. दारात माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतात, चपला दिसतात, तोंड दिसत नाही. मिरजेला जाऊन पाच वेळा डोळ्यांत इंजेक्शनं घेतली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आहे तेवढं टिकवू. गेलेलं परत यायचं नाही." त्यांचा मला राग आला नाही. राग येतो तो घरी भेटायला येणाऱ्यांचा. "आता कशाला हवंय वाचन? आराम करा, अल्लाचं नाव घ्या," असं सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. अल्लाचं नाव मी घेतोच, त्याला डोळे लागत नाहीत.

मी बाइंडर. सांगलीत पेठेच्या मागच्या बोळात माझं दुकान होतं. हळदीचा हंगाम सुरू झाला की तिथं कागदांवरसुद्धा पिवळी धूळ बसायची. वाचनालयांची, शाळांची, वकिलांची पुस्तकं माझ्याकडे बांधायला यायची, आणि बांधायला आलेलं पुस्तक मी आधी वाचायचो. गिऱ्हाईक तक्रार करायचं, "एवढ्याशा पुस्तकाला आठ दिवस?" मी सांगायचो, खळ वाळत नाही. मैद्याची खळ चार तासांत वाळते, पण हे गिऱ्हाइकाला कुठं माहीत असतं? असं फुकटात मी जेवढं वाचलं, तेवढं त्या पुस्तकांच्या मालकांनीही वाचलं नसेल.

माझी बायको माझ्याबरोबर दुकानात बसायची. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, पानं क्रमानं लावायची, हे काम तिचं. शिवण आणि पुठ्ठा माझा. ती औंधकडची. दुसरीतून शाळा सुटली, ती सुटलीच. पानांवरचे आकडे तिला वाचता यायचे, बाकी काही नाही. म्हणून दुपारी जेवण झालं की शटर अर्धं खाली ओढून मी मोठ्यानं वाचायचो आणि ती घड्या घालत ऐकायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे सुरू झालं आणि दुकान बंद केल्यावर घरीही चालू राहिलं. आम्हा नवराबायकोत दुसरं फारसं बोलणं होत नसे. जे काय बोलायचं ते पुस्तकातल्या माणसांविषयी.

शेवटी जे पुस्तक वाचत होतो त्याला पुठ्ठा नव्हता. कुणाचं तरी घर रिकामं होताना रद्दीत आलेलं, सुरुवातीची आठ पानं नसलेलं. नाव माहीत नाही, लिहिणारा माहीत नाही. गोष्ट सुरू होते नवव्या पानावर, अर्ध्या वाक्यात. एका कुंभाराचा मुलगा बापाशी भांडून घर सोडून जातो आणि आई त्याची वाट बघते, एवढीच गोष्ट, पण काय लिहिली होती! मी त्याला लाल कापडाची पाठ लावून चांगला पुठ्ठा चढवला. रोज वाचायला बसलो की बायको आधी विचारायची, "आवं, आला का त्यो परत?" मी म्हणायचो, "अजून न्हाई. येईल." आमचा मुलगा मस्कतला असतो. त्याच्याविषयी ती एवढ्या उघडपणे कधी विचारत नसे.

तीनातले दोन भाग पुस्तक वाचून झालं, एक भाग राहिला आणि ती गेली. तीन दिवसांचा ताप, आणि चौथ्या दिवशी माणूस नाही. आमचा एक नियम होता, एकानं दुसऱ्याला सोडून पुढं वाचायचं नाही. तिला पुढं वाचता येत नव्हतंच, तेव्हा नियम सगळा माझ्यासाठीच होता. तो मी पाळला. पुस्तक कपाटात ठेवून दिलं. वर्षभरानं वाटलं, आता वाचावं, तर तोवर ओळी वाकड्या दिसायला लागल्या होत्या. आणखी वर्षभरानं ओळीच राहिल्या नाहीत.

सुनेनं मस्कतहून फोनवर समजावून समजावून मला बोलणारी पुस्तकं लावून दिली. खोटं कशाला सांगू, मजा येते. सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून ऐकतो. एखाद्या जागी मोठ्यानं हसतो, तेव्हा शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दचकते. हाताला मात्र रिकामं राहवत नाही. म्हणून मांडीवर कुठलंतरी जाडसर बांधलेलं पुस्तक घेऊन बसतो, अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवत राहतो आणि कानांनी भलतंच पुस्तक ऐकतो. लोकांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे. फोनचं एकच आवडत नाही. मी ऐकतोय की झोपलोय की मेलोय, त्याला पत्ता नसतो. तो वाचत राहतो. हसल्यावर "काय वो?" असं विचारणारं कुणी नसतं, आणि घर फार मोठं वाटायला लागतं. दोन खोल्यांचं घर, पण वाटतं.

त्या कुंभाराच्या कादंबरीचं फोनमध्ये काहीच सापडेना. नावच नाही तर शोधायचं काय? सुनेनं मला पाठ असलेली मधली दोन वाक्यं टाकून बघितली, काही उपयोग झाला नाही. मला तर ती पुरी करायची होती. तो पोरगा परत आला का, एवढं मला कळायला हवं होतं, आणि जसं लिहिलंय तसं कळायला हवं होतं. बायकोच्या प्रश्नाला मी रोज "येईल, येईल" म्हटलं होतं. ते खरं होतं की थाप, हे न कळता जायची माझी तयारी नव्हती.

एका दुपारी भिंग घेऊन, मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं एकेक अक्षर धरायचा प्रयत्न करत होतो. तासाभरात चार ओळी झाल्या आणि डोकं धरलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे हवालदार पाण्याच्या मोटारीचं विचारायला आले. सैन्यातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेले, साताऱ्याकडचे गृहस्थ. लेकीशिवाय त्यांचं इथं कुणी ओळखीचं नव्हतं.

"आवं चाचा, नाक लावून काय हुंगताय?"

"वाचतोय."

"असं वाचत्यात व्हय? द्या हिकडं."

आणि खुणेचा दोरा काढून त्यांनी वाचायला सुरुवात केली. कवायतीचे हुकूम द्यावेत तसं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, कुंभारीण रडतेय आणि हे गरजतायत. मी दोन पानं सोसलं. मग म्हणालो, "हवालदार, पूर्णविराम आला की थांबायचं असतं."

"किती येळ?"

"एक श्वास."

"असं सांगा की. ऑर्डर मिळाली की थांबतो."

तेव्हापासून ते रोज चार वाजता चहा घेऊन यायचे, लेकीनं केलेला, भलताच गोड. वर्तमानपत्राशिवाय काही न वाचलेला हा माणूस चार दिवसांत गोष्टीत पुरता अडकला. मधेच पुस्तक मिटून कुंभारालाच झापायचा, "लय ताठा हाय म्हाताऱ्याला. पोराला एक कार्ड टाकलं असतं तर काय बोटं झडली असती का?" मी हसायचो. कितीतरी दिवसांनी पाच वाजले कधी ते कळायचं नाही. पण हसता हसता वाटायचं, हे तिनं ऐकायला हवं होतं. आपण नियम मोडतोय असंही वाटायचं.

इथं एक कबूल करायला हवं. मी बायकोला वाचून दाखवायचो ते सगळं खरं नसायचं. पुस्तकात कुणी मेलं की ती दोन दोन दिवस जेवायची नाही. रक्तदाबाची गोळी चालू झाल्यावर तर मी धास्तीच घेतली. म्हणून तसली जागा आली की मी दोन-तीन पानं एकदम उलटायचो, मधलं काहीतरी मनानं जोडायचो आणि पुढं चालू. किती जणांना मी असं वाचवलं असेल! सासुरवाशिणी, म्हातारे, एक बैलसुद्धा. तिला संशयही येत नाही, याची मला मोठी फुशारकी होती. मित्रांना रंगवून सांगायचो.

शेवटची चाळीसेक पानं राहिली होती त्या दिवशी हवालदार नेहमीसारखे वाचत होते. कुंभारणीच्या दारात एक परका माणूस येतो, त्याच्या खांद्यावर घोंगडं असतं. हवालदार थांबले. एका श्वासापेक्षा जास्त थांबले. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं. पेरणीचे दिवस, गावात लगबग, कुंभारीण चाक पुसतेय.

"मागं या," मी म्हणालो.

"काय झालं?"

"तीन पानं एकदम उलटलीत. मागं या."

"तुमाला दिसलं व्हय?"

"ऐकू आलं."

हवालदारांनी कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "चाचा, र्‍हाऊ द्या. त्यात काय न्हाई."

"काय नाही तर वाचा."

"आवं, पोरगं मेलंय त्यात," ते एकदम मोठ्यानं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असलं सांगायला मी एकदा खऱ्याखुऱ्या घरात गेलतो. आमच्या युनिटमधलं पोरगं हुतं. त्याची आई बी अशीच दारात आली. आता परत तोंडातनं निघंना."

मला वाईट वाटलं. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हणालो, "हवालदार, मी चार वर्षं थांबलोय. तुम्ही सावकाश वाचा. पण आहे ते वाचा."

त्यांनी वाचलं. परक्या माणसानं घोंगडं खाली ठेवलं आणि सांगितलं, पोरगा परतच येत होता, तीन मुक्काम राहिले होते, वाटेत पटकीनं गेला. प्रत्येक पूर्णविरामाला हवालदार थांबत होते. त्या दिवशी त्यांनी जे वाचलं तसं मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, माझं स्वतःचंही नाही. तीन पानं संपली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं, चहाची कपबशी उचलली आणि "उद्या येतो" म्हणून वर गेले. नाक ओढल्याचा आवाज जिन्यात आला.

मी बसून राहिलो. येत होता, म्हणजे "येईल" ही अगदी थाप नव्हती, असं मनाला सांगून बघितलं. मग हवालदारांचा प्रश्न आठवला. "तुमाला दिसलं व्हय?" दिसायला कशाला हवं? एक पान उलटलं की आवाज पातळ येतो, तीन उलटली की जाड. पण हे मला मुळात येत नव्हतं. नवीन नवीन लग्न झालं तेव्हा मीही तिच्याबरोबर घड्या घालायचो; माझ्या हातून दोन कागद चिकटून एकाच घडीत जायचे, आणि घड्या घालता घालता, मान वर न करता बायको म्हणायची, "आवं, दोन गेलं बगा." कागदाकडे न बघता. नुसत्या आवाजावरून. तिनंच मला हे ऐकायला शिकवलं, आणि तिच्याएवढं मला कधीच जमलं नाही.

आणि अशा बाईशेजारी बसून मी आयुष्यभर तीन-तीन पानं उलटत आलो. तिला दर वेळी ऐकू आलं असणार. प्रत्येक वेळी. मी मधलं खोटंनाटं जोडून सांगायचो, ती घडी दाबायची हाडाची पट्टी कागदावरून फिरवत म्हणायची, "बरं झालं, वाचला बिचारा." कुणीतरी मेलंय हे कळून ती ते म्हणत होती. नवरा एवढा खटाटोप करून खोटं रचतोय, तर रचू दे, त्याला बरं वाटतंय, म्हणून.

मी तिला हाक मारली. रिकाम्या घरात, तिच्या नावानं, मोठ्यानं. मग चार वर्षांत रडलो नव्हतो तेवढा रडलो.